अल्पशा आजाराने

आमच्या गावात तीन वर्तमानपत्रं येतात आणि तिन्ही सलूनमध्ये अडकून पडतात. बाकी गावाची भिस्त फळ्यावर. एस.टी.च्या थांब्याजवळ, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सिमेंटचा एक लांबरुंद फळा आहे. साकोलीहून येणाऱ्या गाडीतून उतरलेला माणूस आधी तिथं उभा राहतो, कोण वारलं, विजेची लाइन किती वाजता जाणार, लसीकरण कधी आहे ते वाचतो आणि मगच घराकडे वळतो. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात सरपंच घरी आले. म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर म्हंजे छापल्यावानी. आता फळा तुमीच सांभाळा." सगळा जन्म पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारण्यात गेलेल्या माणसाला यापेक्षा मोठा मान कोणता? मी दोनदा नाही म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी लाखनीला जाऊन रंगीत खडूंचा डबा घेऊन आलो.

आता खिशाखिशात फोन आहे, मग फळा कशाला, असं माझा नागपूरचा मुलगा विचारतो. त्याला काय सांगायचं! फोनवर आलेलं खरं की खोटं हे बघायला लोक फळ्याकडे येतात, आणि फळ्यावर दिसलं की त्याचाच फोटो काढून पुन्हा फोनवर टाकतात. "फळ्यावर आलं" म्हणजे विषय संपला. आपल्या अक्षराला एवढं वजन आहे हे कळल्यावर माझीही मान जरा ताठ झाली, हे कबूल करतो. चौकातून जाताना मी मुद्दाम सावकाश चालायचो.

फळा काळा करायचं काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होतं. शाळेत त्याला पाढे कधी आले नाहीत, पण फळा पुसावा तर त्यानंच. ओलं फडकं आडवं फिरवायचा, एक पांढरी रेघ मागे राहायची नाही. मोठा झाल्यावर तो दुसऱ्यांच्या बांध्यांना पाणी फिरवण्याचं काम करू लागला. बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा एकेक तुकडा, चारी बाजूंनी धुरा, म्हणजे बांध, घातलेला, आणि एकातून दुसरीत पाणी सोडायला माणूस लागतो. दर वर्षी पोळ्याच्या आधी हा गडी जुने बॅटरीचे सेल फोडून आतली काळी पूड काढायचा, माक्याच्या पाल्याच्या रसात कालवायचा आणि चौकातला फळा घोटून घोटून काळाभोर करायचा. काम झालं की हसून म्हणायचा, "गुरुजी, तुमी कितीबी लिवा, खाली काळं माझंच हाय."

माझ्या लेखनस्वातंत्र्याची गोष्ट सांगायची तर ती धानाच्या पऱ्यांपासून सुरू होते. परे म्हणजे रोवणीसाठी आधी टाकून ठेवलेली रोपं. पहिल्याच वर्षी मी लिहिलं, "नव्या जातीच्या बियाण्याचे परे बऱ्याच ठिकाणी उगवले नाहीत. शेतकऱ्यांनी बियाणे तपासून घ्यावे." संध्याकाळी कृषी केंद्रवाल्यांच्या संघटनेचे चौघे दारात. मी मनातून घाबरलो होतो, पण माणसं फार गोड. चहा घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि त्यांच्यातला जुनाजाणता म्हणाला, "गुरुजी, तुमी लिवलं ते खोटं हाय असं आमी म्हनून नाही राहिलो. पन खरं लिवाची एवढी घाई कायले?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, "काही ठिकाणी परे उगवण्यास थोडा वेळ लागू शकतो." तो थोडा वेळ अजून संपलेला नाही.

मग नागझिऱ्याच्या बाजूनं आलेल्या बिबट्यानं एका शेतकऱ्याची शेळी नेली. मी लिहिलं, "बिबट्याने शेळी नेली, सावध राहावे." जंगलाच्या कडेला ज्यांची हॉटेलं आहेत आणि ज्यांच्या गाड्या पर्यटकांना फिरवतात त्यांची एक संघटना आहे. ते आले. पर्यटक बिबट्या बघायलाच येतात, पण बिबट्यानं काही केलेलं त्यांना चालत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला पटलंही. मी ओळ बदलली, "गावाच्या शिवारात बिबट्याचे दर्शन." शेळीच्या मालकानं फळा वाचला आणि तो थेट माझ्या घरी आला. "दर्शन कोनाले झालं जी गुरुजी," तो म्हणाला, "मले का शेळीले?"

असं एकेक चालू झालं. परीक्षेच्या दिवसांत मी "डीजे हळू वाजवावा" असं लिहिलं, तर डीजेवाल्यांची संघटना आली, आणि ओळ झाली, "परीक्षार्थींनी मन लावून अभ्यास करावा." माझ्यावर कोणी दडपण आणलं असं मी म्हणणार नाही. कोणी आवाज चढवला नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. सगळे माझ्याच घरी बसून माझाच चहा प्यायले आणि जाताना माझ्याच अक्षराचं कौतुक करून गेले. माझी बायको चुलीजवळून विचारायची, "आज कोनती ओळ आली जी चहा प्याले?" मी ऐकलं न ऐकलं करायचो. तिनं फळा कधी वाचला नाही. तिच्या मते फळ्यावर येणारी गोष्ट विहिरीवर दोन दिवस आधी आलेली असते.

पुढे सगळ्यांच्या सोयीसाठी फळा समिती निघाली. प्रत्येक संघटनेचा एक माणूस, अध्यक्ष सरपंच, आणि मी लेखक. मी आदल्या दिवशी कागदावर मसुदा करायचा, समितीनं तो वाचायचा आणि मग सकाळी फळ्यावर उतरवायचा. याला लोकशाही म्हणतात असं मीच नागरिकशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. एक गोष्ट मात्र मानली पाहिजे, समिती आल्यापासून फळ्यावर खाडाखोड राहिली नाही. जे खोडायचं ते कागदावरच खोडून व्हायचं, आणि काही दिवसांनी तर कागदावरही खोडायची गरज उरली नाही. कोणत्या शब्दाला कोण चहाला येईल हे मला लिहिण्याआधीच कळू लागलं होतं.

एकाच जागेच्या वाटेला समिती जात नव्हती. फळ्याचा खालचा भाग, निधनवार्तेचा. तिथं कधी कोणाची हरकत आलीच नाही, कारण तिथं लिहायचं ते पूर्वीपासून ठरलेलं. माणसाचं नाव, वय आणि "अल्पशा आजाराने दुःखद निधन." ही ओळ तेरवीपर्यंत तशीच ठेवायची, पुसायची नाही, हा आमच्या गावचा रिवाज. मला ती ओळ आवडायची. मोहाची दारू पिऊन पिऊन गेलेला असो, साप चावलेला असो, आंब्याच्या झाडावरून पडलेला नव्वदीचा म्हातारा असो, सगळे अल्पशा आजाराने जायचे. मेलेल्या माणसाची झाकली मूठ झाकलेलीच राहावी, मागच्यांना खाली बघायला लागू नये, एवढा त्यात समंजसपणा होता. निदान मी तसं समजत होतो.

त्या वर्षी धान कापणीला आला होता. या दिवसांत आमच्याकडे रानडुकरं उतरतात. ज्यांनी डुकरांनी लोळवलेली बांधी पाहिली नाही त्यांनी शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नये, एवढं मी आधीच सांगून ठेवतो. एका फेरीत चार महिन्यांची मेहनत चिखलात जाते. म्हणून काही जण धुऱ्याच्या कडेनं उघडी तार ओढतात, दिवस बुडाला की तिच्यात लाइनीचा करंट सोडतात आणि उजाडायच्या आत काढून घेतात. हे गुन्ह्यात बसतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कोण कोण करतं हेही. तशा तारेचं एक बंडल माझ्याही कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बैलाच्या दाव्याशेजारी खुंटीला टांगलेलं आहे. दोन हंगाम मीही ती लावली होती. त्या दोन हंगामांत कोणी मेलं नाही, हे माझं पुण्य नव्हे, नशीब.

एके दिवशी सकाळी माझा तो विद्यार्थी बोडीकडच्या धुऱ्यावर पडलेला सापडला. बोडी हा आमच्या गावाबाहेरचा लहानसा तलाव, आणि तिथून बांध्यांकडे जायची वाट त्याच धुऱ्यावरून आहे. बांध्यांतलं उरलंसुरलं पाणी काढून द्यायला पहाटे निघाला होता. उजव्या पायाच्या नडगीवर काळा डाग होता, एवढंच. लोक जमेपर्यंत तार गुंडाळून झाली होती. तार कोणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. चार शहाण्या माणसांनी बायकोला आणि म्हाताऱ्या आईला आडबाजूला घेऊन सांगितलं की गेलेला काही परत येत नाही, आता कायले फाडाफाडी, कायले चौकशा. दुपारच्या आत सगळं उरकलंसुद्धा.

घाटावरून आलो, अंघोळ केली आणि खडू घेऊन फळ्याकडे गेलो. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढची ओळ हातानं आपसूक लिहिली. अल्पशा आजाराने दुःखद निधन. घरी येऊन बघतो तर पडवीत गर्दी. डुकरांपासून धान राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेचे पीक रक्षणवाले होते, कृषी केंद्रवाले होते, जंगलाकडचे हॉटेलवालेही होते. आजवर यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. डुकरांवरून, पाण्यावरून, बिबट्यावरून हे एकमेकांचे गळे धरायचे. त्या दिवशी मात्र सगळे एका सतरंजीवर बसले होते आणि सगळ्यांची विनंती एकच होती, निधनाच्या वार्तेत उगाच काही वेगळं येऊ नये. मी म्हणालो, "लिहून आलो." ते एकमेकांकडे बघायला लागले. मग पीक रक्षणवाल्यांचा पुढारी म्हणाला, "वा गुरुजी! तुमाले सांगाच लागत नाही." एवढी शाबासकी मला शिक्षक म्हणून उभ्या नोकरीत कोणी दिली नव्हती. ते चहा न घेताच गेले, त्यांना गरजच पडली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. माहेर तिचं अड्याळचं. आमच्याकडे नवरा गेलेली बाई तेरवीपर्यंत उंबरा ओलांडत नाही, म्हणून तिला अंगणात पाहून माझी बायको आधी दचकलीच. तिनं पाणी दिलं, ते त्या बाईनं घेतलं नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून उभ्याउभ्याच म्हणाली, "गुरुजी, त्यायले कोनता आजार होता जी?"

मी म्हटलं, "बाई, तशी लिहायची रीत आहे."

"नाही, मले सांगा ना," ती म्हणाली. "मले त काही दिसला नाही. दिसला असता त साकोलीले नेलं असतं दवाखान्यात."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं जे मागितलं ते मी आजही शब्दाशब्दानं सांगू शकतो. तार लावणाऱ्याचं नाव तिला नको होतं, पोलीस नको होते, माझ्याकडून शाब्दिक सांत्वन तर नकोच होतं. "तार दिवस बुडाला का अजूनबी लागून राहिली," ती म्हणाली. "दोन रोजांत कापनी सुरू होईन. बाया पहाटीस त्याच धुऱ्यानं जातीन. फळ्यावर एक ओळ लिवा जी, का त्या वाटेनं जाऊ नका. बस, तेवढीच."

मी म्हटलं, समितीपुढे ठेवतो. हे म्हणताना आपण फार नियमाला धरून वागतोय असं मला वाटलं होतं.

समिती दुसऱ्याच दिवशी बसली. मी कागद वाचला, "बोडीकडच्या धुऱ्यावरील तारेत करंट असतो. त्या वाटेने जाऊ नये." पीक रक्षणवाले म्हणाले, धुरा लिहिला की धुऱ्यावाला आला, आणि तो तर आपल्याच गावचा. धुरा गेला. कृषी केंद्रवाले म्हणाले, तार आम्ही विकतो, लोक उद्या आमच्या दुकानापुढे उभे राहतील. तार गेली. हॉटेलवाल्यांचा माणूस म्हणाला, "करंट लिवला का वनखातं येईन, करंटनं वाघ त नाही मेला हे इचारीन, पेपरात छापून येईन, मंग आमच्या खोल्यांत कोन झोपीन?" करंट गेला. उरली वाट. डीजेवाल्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. पण सगळ्यांनी एकेक शब्द काढलेला असताना आपण काहीच न काढता घरी जाणं त्याला बरं दिसलं नसावं. तो म्हणाला, वाट बंद आहे असं वाटून वराती लांबून न्याव्या लागतील. वाटही गेली. मग सरपंचांनी सगळ्यांना सांभाळून घेत नवी ओळ सांगितली आणि मी ती मान डोलावून लिहून घेतली.

सकाळी फळ्यावर माझ्या उत्तम अक्षरात, हिरव्या खडूनं महिरप काढून लिहिलेलं होतं, "सर्वांनी आपापली काळजी घ्यावी."

गावानं लगेच काळजी घ्यायला सुरुवात केली. कुठला तरी ताप आला असेल असं समजून लोक पाणी उकळून पिऊ लागले. सलूनवाल्यानं जुना मास्क शोधून काढला. आशाताई घरोघरी फिरून कोणाला खोकला आहे का ते विचारू लागल्या. त्या माझ्याही दारात आल्या आणि म्हणाल्या, "फळ्यावर आलं म्हंजे काही त असंन ना गुरुजी?" मी म्हणालो, असेल. फळ्याच्या त्या ओळीखाली, वीतभर अंतरावर, त्याचं नाव, वय आणि अल्पसा आजार तसाच होता.

कापणी सुरू झाली. आमच्या दोन बांध्या बोडीपलीकडेच आहेत. एका सकाळी माझी बायको नेहमीच्या वाटेनं न जाता मोठ्या तलावाच्या पाळीवरून लांबच्या फेऱ्यानं जायला निघाली. मी विचारलं, इतक्या दुरून का? ती विळा कमरेला खोचत म्हणाली, "ते उभी हाय ना तिथं. सांगून राहिली सगळ्याईले."

ती म्हणजे अड्याळची लेक. दोन वाटा जिथं फुटतात तिथं, बाभळीखाली, ती रोज उजाडायच्या आधीपासून उभी राहत होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला हात आडवा करून म्हणायची, इकडून नको बाई, पाळीवरून जा. बायका हुज्जत न घालता वळायच्या. सुतकातली बाई घराबाहेर कशी, असं एकीनंही तिला विचारलं नाही. तिला कागद लागला नाही, मसुदा लागला नाही आणि समितीला तिच्या बोलण्यातला कोणता शब्द काढावा हे कळेना.

पण समिती ती समितीच. तिनं तातडीची बैठक घेतली आणि या वेळी मसुदा मला तयारच दिला. "काही व्यक्ती अफवा पसरवीत आहेत. ग्रामस्थांनी त्यावर विश्वास ठेवू नये. दुःखाच्या घरातील व्यक्तींनी रूढीप्रमाणे तेरवीपर्यंत घरीच राहावे." एकाही शब्दाला कोणाचा विरोध नव्हता. एवढी मोठी ओळ आमच्या समितीत कधीच धडपणे पास झाली नव्हती. मी कागदाची घडी खिशात घातली. त्या रात्री मला झोप लागली म्हणजे बघा, माणूस किती निर्ढावतो.

सकाळी फळ्यापुढे उभा राहिलो. वरची जागा पुसायला फडकं ओलं केलं आणि आडवं फिरवलं, तर खालून ओला, काळाभोर फळा वर आला. पोळ्याच्या आधीच तर त्यानं तो घोटला होता. माझ्या अक्षराखाली काळं त्याचंच होतं. त्याच्या त्या काळ्यावर मी त्याच्या बायकोला अफवा म्हणणार होतो. मला माझी लाज वाटली. थोडीथोडकी नाही, शाळेत पोरांपुढे धोतर सुटावं तशी.

मी वर काही लिहिलं नाही. खाली वाकलो आणि "अल्पशा आजाराने" एवढे दोन शब्द पुसले. रिवाज मोडत होतो हे मला कळत होतं. त्या जागी लिहिलं, "बोडीकडच्या धुऱ्यावर लावलेल्या तारेचा करंट लागून." जागा पुरेना, शेवटची अक्षरं चेंगरली, ओळ खाली घसरली. माझ्या हातचं इतकं वाईट अक्षर चौकात कधी कोणी पाहिलं नसेल. पहिली गाडी आली, चार माणसं उतरली. त्यांनी वाचलं. त्यांतल्या एकानं फोन काढला.

ती ओळ दुपारपर्यंत टिकली. मी जेवायला घरी आलो तेवढ्यात सगळा फळा, खालून वरपर्यंत, कोणीतरी पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नवीन अक्षर होतं, तिरकं आणि र्‍हस्व-दीर्घाची वाट लावलेलं, पण मजकूर नीट वाचता येत होता. "फळालेखक गुरुजी अल्पशा आजारामुळे विश्रांती घेत आहेत. त्यांना लवकर आराम पडो."

आणि मग माझी तब्येत बघायला गाव लोटलं. केळी आली, सफरचंदं आली, बिस्किटाचे पुडे आले. कृषी केंद्रवाले आले, हॉटेलवाले आले, आणि कोणीही खडूचा विषय काढला नाही. मी धडधाकट बसलेला असताना सगळे मला हळू आवाजात विचारत होते, "आता कसं वाटून राहिलं?" पहिल्या दिवशी मी चिडून म्हणालो की मला काही झालेलं नाही. लोक समजूतदारपणे मान हलवायचे, आजारी माणूस असंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, थोडा अशक्तपणा आहे. तिसऱ्या दिवशी कोणी विचारायच्या आधीच मला खोकला आला. बायको हे सगळं बघत होती. तिनं एकदा कोठ्यात जाऊन खुंटीवरचं तारेचं बंडल काढलं, भंगारवाल्याच्या हातगाडीत टाकलं आणि भांडी घासायला बसली.

तेरवी झाली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. हातात केळी नव्हती. पाळण्याचे दिवस संपले होते, पदर खांद्यावर होता, उन्हात उभी राहून राहून चेहरा रापला होता. माझ्या खाटेजवळ फळांचा ढीग होता, तो तिनं पाहिला. म्हणाली, "बोडीकडची तार काढली जी त्यानं. फोटो फिरला ना, म्हनून." मला हायसं वाटलं, तोंड भरून काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "आता मोठ्या तलावाच्या पाळीखाली लावली. बाया तिकडून जाऊन राहिल्या ना. आमी सांगाले चाललो." आमी म्हणजे कोण ते मला तेव्हा कळलं, कारण माझी बायको डोक्याला फडकं बांधून मागच्या दारानं पुढे आली.

निघताना ती थांबली आणि फळांकडे बोट करून म्हणाली, "तुमाले कोनता आजार झाला जी गुरुजी?"

तीन दिवस मी सगळ्या गावाला अशक्तपणा सांगत होतो. तिच्यापुढे ते तोंडातून निघेना. म्हटलं, "नाही बाई. मले काही आजार नाही."

"त्यायलेबी नव्हता," ती म्हणाली.

मग त्या दोघी तलावाच्या पाळीकडे निघाल्या. मी खाटेखाली वाकून चपला शोधू लागलो. खडूचा डबाही तिथंच होता.